भा. रा. भागवतांची कुठली पुस्तकं आधी घेऊ? (मुलगा ९ वर्षांचा, इंग्लिश मीडियम)

बंगलोरची_सई:
नमस्कार मंडळी, लेकाने भागवतांच्या फास्टर फेणेवरचा २०१७ चा पिक्चर बघितला आणि आता म्हणतोय ह्याची पुस्तकं आहेत ना मग आण. माझ्या लहानपणीची होती ती माहेरी वाळवीने खाल्ली. तो मराठी वाचतो पण हळू, जोडाक्षर आलं की अडतो आणि मग पुस्तक ठेवून देतो. अख्खा सेट मागवू का एक-दोनच? आणि पिक्चरमधला फेणे कॉलेजातला आहे, पुस्तकातला शाळकरी बघून ह्याचा विरस तर नाही ना होणार?

कट्ट्यावरचा_बाळू:
विरस कसला, उलट आपल्याच वयाचा पोरगा सायकल दामटत चोरांच्या मागे जातोय म्हटल्यावर जास्त आवडतो, आमच्याकडे तरी तसंच झालं. सेट अजिबात नको! वीसेक पुस्तकं आहेत, एकदम समोर ठेवलीस तर अभ्यासच वाटेल त्याला. ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’ने सुरुवात कर, म्हणजे बन्या (फेणेचं खरं नाव बनेश) कोण कुठला, पुण्याला विद्याभवन शाळेत कसा रुळला ते सगळं कळतं. पुढचा क्रम पाळला नाही तरी काही अडत नाही, प्रत्येक गोष्ट सुटी वाचता येते. आमच्या पोरीने नंतर ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ उचललं कारण गड नुकताच बघून आलो होतो, वाचताना मधेच ‘हे आपण पाह्यलं’ करत होती. आणि एक वॉर्निंग, फेणेचं ते ‘ट्टॉक्’ घरात येणार. जीभ टाळ्याला लावून दिवसभर ट्टॉक् ट्टॉक्, जेवताना पण.

मिसळपाववाली:
बाळूदादा तुमचं बरोबर आहे पण भाषेचं कोणी बोलत नाहीये. ती पुस्तकं जुनी आहेत, मोबाईल नाही, इंटरनेट नाही, आणि भागवतांची वाक्यं चांगली ऐसपैस असतात, मधेच कोट्या, मधेच स्वतःच मुलांशी गप्पा मारल्यासारखं. हळू वाचणाऱ्या मुलाला पहिली दहा पानं जड जातात. सई, तू सरळ मोठ्याने वाचून दाखव. बन्या फसला, आता पुढे काय, अशा जागी थांबायचं आणि पुस्तक तिथेच पालथं टाकून स्वयंपाकाला जायचं. भाचीवर हेच केलं, भाकऱ्या होईस्तोवर ती पुढचं वाचून मोकळी, अडलेले शब्द ओट्याशी येऊन विचारत होती. तो १९८७ चा दूरदर्शनवाला सुमीत राघवन पण दाखव कुठे मिळाला तर, तो पुस्तकातल्या बन्याच्या वयाचा वाटतो.

शेंडेनक्षत्र:
सगळे फेणेवरच अडकलेत 😀 भागवत म्हणजे फक्त फेणे नव्हे हो. मुलगा पुस्तकातला किडा असेल तर बिपिन बुकलवार द्या, तो पुस्तकवेडा आहे आणि वाचलेल्याच्या जोरावर रहस्यं सोडवतो. मला तर फेणेपेक्षा तोच जवळचा वाटायचा, कारण सायकलवर मी कायम धडपडायचो. आणि ज्यूल व्हर्नच्या विज्ञान कादंबऱ्या भागवतांनी मराठीत आणल्यात त्या! ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ (माझा आयडी तिथूनच उचललाय). माणसं परदेशी, पण बोलतात अशी की आपल्या वाड्यातलीच वाटतात. मात्र ही ९ व्या वर्षी नकोत, ११-१२ ला द्या, त्यात शास्त्राची बडबड बरीच आहे.

बंगलोरची_सई:
बुकलवार विसरलेच होते! पण हा सायकलवाला आहे, पुस्तकातला किडा वगैरे नाही, त्यामुळे फुरसुंगी आणि प्रतापगड दोनच मागवते. वाचून दाखवायची आयडिया मस्त, फक्त पुस्तक पालथं टाकून मीच पुढचं वाचत बसू नये म्हणजे झालं. काश्मीरवालं एक होतं ना?

कट्ट्यावरचा_बाळू:
‘गुलमर्गचे गूढ’ आणि ‘काश्मिरी करामत’. दोन्ही मे महिन्यासाठी ठेव. आणि ऑनलाइन जास्त पैसे देऊ नकोस, पुण्यात कोणी येणार असेल तर अप्पा बळवंत चौकातून आणायला सांग.

मिसळपाववाली:
+१, आणि घेताना टाइप बघून घ्यायला सांग. बारीक अक्षरांची जुनी प्रत मुलांना नको वाटते.