दुसरी सीडी आणि ती खुर्ची

'झेनोगियर्स' या व्हिडिओ गेमची दुसरी सीडी, जिच्यात बरीचशी कथा खेळायला न देता नुसती सांगितलीय, म्हणजे निव्वळ आळशीपणा, असं कुणीतरी म्हटलंय. तिथे थोडं थांबा राव! दिग्दर्शक तेत्सुया ताकाहाशी यांनी नंतर सांगितलंय की हाताशी जेमतेम दोन वर्षं होती आणि टीममधले बरेच जण नवखे होते. पहिल्या सीडीवरच खेळ संपवा, असा पर्याय पुढे आला होता. त्यापेक्षा उरलेली कथा सांगून तरी पूर्ण करू, ही तडजोड त्यांनीच सुचवली.

म्हणून मग ती खुर्ची. अंधारात खेळाचा नायक फेई बसलाय, मागे लोलकासारखं पदक झुलतंय आणि तो आपला एकेक प्रसंग सांगतोय. अक्षरं इतकी संथ उमटतात की मध्ये चहा टाकून यावा. पण मला तो भाग आवडतो, कीर्तनातल्या उत्तररंगासारखा. अर्थात खेळायला बसलेल्या माणसाला नुसतं ऐकायला लावलं तर तो वैतागणारच, हे मान्य.

खरी शिवी द्यायचीच असेल तर खेळात उड्या मारत चढायच्या त्या बाबेलच्या मनोऱ्याला द्या. नेम धरून उडी मारावी तर नेमकी तेव्हाच लढाई सुरू, आणि परत आलो की थेट खाली!

बाकी ताकाहाशी आणि त्यांच्या पत्नीने ही कथा आधी 'फायनल फँटसी ७' या दुसऱ्या गेमसाठी सुचवली होती. फार काळोखी म्हणून ती बाजूला पडली आणि १९९८ मध्ये स्वतंत्र खेळ आला. बरंच झालं.