२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ : फरक खरंच ऐकू येतो का?

प्रश्न : एकच अल्बम माझ्याकडे सीडीवर (१६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ) आहे आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ फाइलमध्येही. (बिट म्हणजे आवाजाचा प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला ते, किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हजार नमुने घेतले ते.) फाइल जास्त खुललेली वाटते, तंबोरा अगदी कानाशी आल्यासारखा. पण जाहिरातीत सीडीची लहर पायऱ्यापायऱ्यांची दाखवतात ते चित्र बघून शंका येते. मी फसतोय का?

उत्तर १ : चित्र ही शुद्ध थाप. डीएसीमधून (आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या चिपमधून) लहर गुळगुळीतच बाहेर येते. सीडीच्या ४४.१ मध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे सूर मावतात. माणसाचा कान २० ला संपतो. (माझा १३ लाच!)

उत्तर २ : २००७ साली मेयर आणि मोरान या संशोधकांनी एसएसीडीचा (सीडीपेक्षा जास्त बारकाईच्या डिस्कचा) आवाज मध्येच १६ बिट, ४४.१ मधून फिरवून ऐकवला आणि फरक ओळखायला सांगितला. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर. नाणं उडवा की मग!

उत्तर ३ : २४ बिट रेकॉर्डिंगला कामाचे, आवाजाची पातळी चुकली तरी निभावतं. ऐकायला १६ बिटचा ९६ डेसिबलचा पल्ला (सर्वात हळू ते सर्वात मोठ्या आवाजापर्यंतचा) पुष्कळ. तुमची फाइल बहुधा वेगळी मास्टर केलेली, म्हणजे शेवटचा आवाज वेगळा घडवलेली असणार. तीच ४४.१ ला उतरवा, पातळी जुळवा आणि कुणाला तरी गुपचूप बदलायला सांगा.

प्रश्नकर्ता : केलं. बायकोने १० वेळा वाजवलं, ५ बरोबर. एकदा तिने काही बदललंच नव्हतं आणि मी म्हणालो, "हां, ही बघ खुललेली!" अजून हसतेय.