मदत हवी आहे: भावाच्या मनातली ‘धातू (म्हणजे वीर्य) जाण्याची’ भीती कशी घालवू?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा, पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. चार महिन्यांपासून थकवा, कंबरदुखी, अभ्यासात लक्ष नाही. परवा त्याच्या खोलीवर गेलो, गादी झाडताना उशीखाली वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पावडरीच्या पुड्या निघाल्या. वर पेनाने फक्त ‘सकाळ’, ‘रात्र’. विचारलं तर रडायलाच लागला. हस्तमैथुनाने शरीर पोखरतं, शंभर थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब होतो, लग्नानंतर काही जमणार नाही, असं सांगून एका ‘गुप्तरोग’वाल्याने अकरा हजार उकळलेत.

मी त्याला सांगितलं, वीर्य रक्तापासून बनत नाही. ते बहुतांशी वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथीचा स्राव असतं, एका वेळी साधारण २ ते ५ मिली, आणि शरीर ते पुन्हा तयार करतं. हस्तमैथुनाने नपुंसकत्व येत नाही, दृष्टी जात नाही. या भीतीला १९६० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी ‘धात सिंड्रोम’ हे नावही दिलंय. र. धों. कर्वे तर १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक विषयांवर उघडपणे लिहीत होते! पण त्याला पटत नाही. थकवा खरा आहे ना, म्हणतो. खरा आहेच, म्हणून जीव तुटतो.

पुड्या बंद केल्यात. त्यात शिसं-पारा असेल तर रक्ताची कोणती तपासणी करावी? आधी फिजिशियन की थेट मानसोपचारतज्ज्ञ? कुणी यातून बाहेर आलं असेल तर त्याच्याशी बोलाल का?