मुलगी दुधाला तोंड लावत नाही, रात्री पाय दुखतात म्हणते, हाडं कच्ची राहिली असतील का?

ठाण्याची_आई
माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. दूध म्हटलं की तोंड फिरवते, चॉकलेट पावडर झाली, केशर-वेलची झाली, दोन घोट घेते आणि ग्लास तसाच. आणि आता महिनाभर झाला, आठवड्यातून दोन-तीनदा रात्री उठून रडते, दोन्ही पोटऱ्या धरते, तेल लावून चोळलं की पंधरा मिनिटांत झोपते आणि सकाळी काही झालंच नाही अशी पळते. सासूबाई म्हणतात दूध नाही ना पित, हाडं कच्चीच राहणार. आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो, शाळेची व्हॅन दीडला सोडते, मग झोप, मग टीव्ही, खाली खेळायला शनिवार-रविवारच. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकांनी सांगितलं की व्हिटॅमिन डीचं साठ हजार युनिटचं पाकीट दर आठवड्याला द्या. देऊ का? झोप उडालीय माझी.

कोल्हापूरकरीण
ताई, दुधासाठी रोज रडारड नका करू. माझा धाकटापण असाच, दूध नाही पण दही-ताक वाटीभर संपवायचा, त्यातपण कॅल्शियम तेच. या वयाला दिवसाला साधारण ५५० मिलिग्रॅम लागतं असं आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तक्त्यात आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणजे मूठभर पिठाच्या एका छोट्या भाकरीतनं शंभर तरी येतात, वर वाटीभर दही, म्हणजे अर्ध्याच्या जवळ गेलातच की.
एक सांगते, नाचणीचं सत्त्व करताना आपण मोड काढतो, सावलीत वाळवतो, दळतो आणि मग वस्त्रगाळ करून कोंडा टाकून देतो. पण नाचणीचं बरंचसं कॅल्शियम त्या सालातच असतं. सहा-आठ महिन्यांच्या बाळाला गाळून ठीक आहे, साडेचार वर्षांच्या पोरीला कशाला गाळायचं? मोड मात्र काढाच, त्याने अंगी जास्त लागतं. मी त्याच पिठात गूळ आणि तूप घालून छोटे लाडू वळते, वरनं तीळ. पालकाच्या भरवशावर राहू नका, त्यातलं कॅल्शियम शरीराला फारसं मिळतच नाही.

फिजिओ_पुणे
मी लहान मुलांसोबतच काम करते म्हणून लिहितेय. दोन्ही पाय, फक्त रात्री, चोळल्यावर बरं आणि सकाळी एकदम ठीक, हे वाढीच्या वयातलं दुखणं वाटतं, या वयात खूप मुलांना होतं आणि त्याचा अर्थ हाडं कच्ची असा नसतो. तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. आणि एकाच पायात दुखत असेल, सूज, ताप, लंगडणं, दिवसाही दुखणं, पाय वाकडे वाटणं यातलं काहीही असेल तर उद्यावर ढकलू नका.
पाकीट स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका, अगदी हात जोडून सांगते. तिच्या वयाची रोजची गरज ६०० युनिट आहे, म्हणजे त्या एका पाकिटात शंभर दिवसांचं आलं. हे व्हिटॅमिन जास्तीचं झालं तर लघवीवाटे निघून जात नाही, साठत जातं, रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, पुढे किडनीला त्रास. डॉक्टर बघून ठरवतील.
आणि खेळ. हाडाला वजन आणि दणका मिळाला की ते स्वतःला भक्कम करतं, सायकल आणि पोहणं छान आहे पण उड्यांसारखा दणका त्यात नाही. लंगडी, ठिक्कर, पायरीवरून खाली उडी, आपल्या जुन्या खेळांत हे सगळं होतं. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून तीन तास हालचाल करावी असं डब्ल्यूएचओ सांगतं, त्यातला एक तास चांगलं पळापळीचा.

ठाण्याची_आई
बाल्कनीत ऊन येतं सकाळी अकरापर्यंत, पण काच बंद असते, तिथे बसवलं तर चालेल?

फिजिओ_पुणे
नाही चालणार, काचेतून व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण येतच नाहीत. काच उघडा. आणि सकाळी सातचं कोवळं ऊनपण यासाठी कमी पडतं, दहानंतरचं लागतं. हातपाय उघडे, थोडाच वेळ, लाल होईपर्यंत नाही. मेमध्ये तर जपूनच.

रत्नागिरीची_आजी
मासे खात असाल तर जवळा, सुकट करून बघ गं. सालासकट पोटात जातं म्हणून कॅल्शियम चांगलं. चांगली निवडून, दोनदा धुऊन खारटपणा काढ, कांदा-कोकम घालून मऊ कर आणि भाकरीत चुरून दे, मुलांना कळतसुद्धा नाही. आमची नात दूध प्यायलीच नाही कधी.

ठाण्याची_आई
सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय. पाकीट नाही देत. आणि आज शाळेतून आल्यावर गच्चीवर नेलं, खडूने ठिक्करची घरं आखली, पाचव्या घरात दरवेळी पडते आणि परत पहिल्यापासून सुरू करते. ताक पण प्यायली, जिरं घातलेलं.

कोल्हापूरकरीण
ताकात साखर नका हं घालू.