डायना एदलजी: 20 टेस्टमध्ये 63 विकेट, एवढ्या कमी मॅच का?

डावखुरी_आत्या:
माझी भाची लेफ्ट आर्म स्पिन टाकते. नवी मुंबईत आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकल्यापासून रोज काहीतरी विचारत असते. तिला भारताच्या जुन्या कॅप्टन आणि लेफ्ट आर्म स्पिनर डायना एदलजींबद्दल सांगायला बसले, तर रेकॉर्ड बघून म्हणाली 'एवढ्याच मॅच?' 1976 ला पदार्पण, शेवटचा वर्ल्ड कप 1993 ला, आणि टेस्ट फक्त 20, वनडे 34. मधे ड्रॉप केलं होतं का? कोणाला नीट माहिती असेल तर सांगा ना.

रेल्वेवाला_दादरचा:
ड्रॉप कुठलं, मॅचच नव्हत्या हो! तेव्हा बायकांचं क्रिकेट बीसीसीआयकडे नव्हतंच, वेगळी असोसिएशन होती 1973 पासून, तिच्याकडे पैसा नाही, मुली सेकंड क्लासने जायच्या आणि डॉर्मिटरीत झोपायच्या. 1986 च्या इंग्लंड दौऱ्यानंतर थेट 1991, मधली पाच वर्षं भारताची एकही टेस्ट नाही, 1988 च्या वर्ल्ड कपला तर टीमच गेली नाही. डायना तेव्हा तिशीत, स्पिनरचा ऐन बहराचा काळ, तो असा गेला. तरीही 63 विकेट. भाचीला सांगा की भारताच्या कुठल्याच बाईच्या टेस्टमध्ये याहून जास्त विकेट नाहीत. बीसीसीआयने कारभार घेतला तो 2006 ला.

पारसी_कॉलनी_शेजारी:
मुंबईचीच मुलगी. आधी बास्केटबॉल आणि टेबल टेनिस खेळायची, मग लाला अमरनाथांच्या कॅम्पमधून क्रिकेटमध्ये आली. प्रॅक्टिसमध्ये पुढचे चार दात गेले तरी थांबली नाही. 1986 ला लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये आत सोडलं नाही तर तिथल्या तिथे एमसीसीला (लॉर्ड्स ज्यांचं आहे तो क्लब) सुनावलं होतं, क्लबने बायकांना मेंबर करून घ्यायचं ठरवलं ते 1998 मध्ये!! मला तिच्या विकेटांपेक्षा हे जास्त भावतं.

सिली_पॉइंट:
सगळं मान्य, पण पहिली कॅप्टन म्हणाल तर शांता रंगास्वामींचं नावही घ्या. 1976 ला पाटण्यात वेस्ट इंडिजला हरवून पहिली टेस्ट जिंकली तेव्हा कॅप्टन त्या होत्या. 1978 च्या वर्ल्ड कपला, म्हणजे आपल्या पहिल्या वनडेला कॅप्टन डायना. दोघींना एकत्रच सांगायला हवं भाचीला.

रेल्वेवाला_दादरचा:
@सिली_पॉइंट बरोबर. अजून एक, रेल्वेत महिला क्रिकेटपटूंना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून डायनाताईंनी जे केलं ते लोक विसरतात. हरमनप्रीतला पश्चिम रेल्वेत घेण्यासाठी त्यांनीच पाठपुरावा केला होता. पगार सुरू राहिला म्हणून कित्येक मुली खेळत राहिल्या, नाहीतर घरचे कुठे थांबतात. आयसीसी हॉल ऑफ फेम 2023 ला मिळालं, भारतीय बायकांमध्ये पहिलं, मला तर फार उशीर वाटतो.

डावखुरी_आत्या:
खूप आभार सगळ्यांचे. भाची विचारतेय 1993 ला कॅप्टन होत्या तेव्हा वय किती?

पारसी_कॉलनी_शेजारी:
37. जन्म 26 जानेवारी 1956 चा.