अनुभव धागा : शिमगा झाला की तुमच्या पहिलीच्या वर्गात काय काय चालायचं?

माडाखालची

शेजारच्या फ्लॅटमधली पहिलीतली छोकरी काल संध्याकाळी प्रोजेक्ट घेऊन आली. विषय स्प्रिंग. शाळेने दिलेल्या कागदावर ट्युलिप, ससा, छत्री आणि वितळणारा बर्फ. ठाण्यात, मार्चमध्ये, पंखा पाचवर, आणि बर्फ! तिची आई म्हणे प्रिंट काढून चिकटवून टाकू, दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं चिकटवा, पण डोक्यात आमची वेंगुर्ल्याकडची शाळा जी सुरू झालीय ती काही बंद होत नाहीये, म्हणून हा धागा.

शिमगा झाला की शाळा सकाळची. ऊन चढायच्या आत बाई पहिलीला घेऊन मागच्या काजूखाली. प्रत्येकाने घरून काजूबिया आणायच्या. दहाचा एक ढीग, उरलेल्या सुट्या. दशक एकक आम्ही फळ्यावर शिकलोच नाही, अंगणातल्या ढिगांवर शिकलो. कुणाच्या ढिगात नऊच असल्या की शेजारच्याच्या ढिगातली एक हळूच सरकायची आणि मग बोंबाबोंब, ही माझी, हिच्यावर काळा ठिपका आहे.

पण मला जास्त आठवतं ते फांदीकडे बघणं. बाई एका झुबक्याला सुतळी बांधून ठेवायच्या आणि दर दोन दिवसांनी आम्हाला तिथे उभं करायच्या. आधी नुसती हिरवी बी. तीच मोठी होत जाते आणि बोंड तिच्यामागे बोटाच्या पेराएवढं. मग बी थांबते आणि बोंड फुगायला लागतं, पिवळं, लाल. खरं फळ म्हणजे ती बीच, बोंड हा फुगलेला देठ, हे बाईंनी सगळ्यात शेवटी सांगितलं, आधी आमच्याकडून वाट्टेल ते वदवून घेतलं. एकाने सांगितलं होतं, बीला आत उकडतं म्हणून ती बाहेर येते.

लिहा पटापटा. कुणी शिक्षक असाल तर आताचंही लिहा.

खाडीकाठचो

काजूचे बिये मोजूक दिले असते तर घराक पोचासर अर्धे इकून गोळये खाल्ले असते आमच्या पोरांनी 😂 आमका चिंचोकेच.

माडाखालची

@खाडीकाठचो म्हणूनच बाई मोजून झाल्या की डब्यात भरून कुलूप लावायच्या. वर्षाअखेरीला विकून त्याचे रंगीत खडू यायचे.

दोन_वर्ग_एक_बाई

मी शिक्षिका आहे, रत्नागिरी तालुक्यात, दोन शिक्षकी शाळा, पहिली आणि दुसरी एकाच खोलीत माझ्याकडे. कुकर लावून लिहितेय.

आमच्याकडे हापूसच्या फांदीला चिंधी बांधतो. जानेवारीत मोहोर असतो तेव्हापासून. दर सोमवारी त्या फांदीवरच्या कैऱ्या मोजायच्या आणि भिंतीवरच्या कागदावर तेवढे ठिपके काढायचे. आधी कण्या, मोजताच येत नाहीत, मग सुपारीएवढ्या, मग दर आठवड्याला ठिपके कमीच होत जातात. पहिलीची मुलं यावर फार चिडतात हो. गणितात सगळं वाढतच जायला हवं असं त्यांना वाटतं. एकजण तर मागच्या सोमवारचेच ठिपके परत काढायला बसला, म्हणे "वाऱ्यान पाडलान त्या पण आमच्याच ना". मोहोरातली बरीचशी फुलं नर, त्यांना फळ धरतच नाही, आणि धरलेल्यातलीही झाडाला पेलतील तेवढीच राहतात, बाकी गळतात. हे एवढं सगळं सहा वर्षांच्या मुलाला सांगायची गरज नाही. गळलेल्या कैऱ्या गोळा करून आणतात त्यातून वजाबाकी होते आणि मीठ लावून खातात.

दुसरं म्हणजे चवींचा तास. तो पाडव्याच्या आसपास घेते कारण कडुलिंब आणि गूळ आयताच असतो. कैरी आंबट, मीठ खारट, काजूबोंड तुरट. तिखटाला मिरीचा एकच दाणा, परसातल्या वेलावरचा. डोळे बांधून चाखायचं आणि शब्द सांगायचा. तुरट हा शब्द पुस्तकातून कधीही येत नाही, बोंडाचा एक तुकडा जिभेवर ठेवला की जन्मात विसरत नाहीत.

शिट्ट्या झाल्या. येते परत.

सहज_आलो

बोंडाचा रस शर्टावर पडला की शर्ट गेला. माझ्या आईने त्या काळात मला मार्च ते मे एकच शर्ट दिला होता शाळेला, डागाळलेला तोच.

पाजपंढरीकर

आमच्या इकडे दापोलीत कासवं. लेक पहिलीत असताना त्यांच्या सरांनी पालकांनाही बोलावलं आंजर्ल्याला. पहाटेची गाडी, मुलं अर्धी झोपेत, एकीने उलटी केली ते जाऊ दे.

समुद्रावर जाळीच्या कुंपणात अंडी पुरून ठेवलेली असतात, एकेका घरट्यात शंभराच्या आसपास, साधारण पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलली की खाली वाळूत ही वळवळ. मग ती पाण्यापासून थोडी लांब सोडतात आणि आपापली चालत जाऊ देतात, उचलून पाण्यात नाही टाकत. सरांनी मुलांना काम दिलं, पिल्लं मोजा. कुणाचंच जमेना, सगळी एकदम सुटलेली, कुणी सतरा म्हणे कुणी शंभर. मग सरांनी ओल्या वाळूत काठीने रेघा मारायला लावल्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. परत सुटली तेव्हा सगळ्यांच्या रेघा जवळपास जुळल्या. तिथे जो गट्ठे करून मोजायचा प्रकार डोक्यात बसला तो बसलाच, आता घरी मासे आणले तरी मुलगी बांगडे पाचापाचाने लावते.

शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासला हे अंडी जपायचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने 2002 ला सुरू केलं, त्याआधी अंडी सर्रास खाल्ली जायची, आमच्या आजोबांनीही खाल्लीयत. वाळू जास्त तापली की माद्या जास्त होतात, हेही तिथेच कळलं. मुलीने लगेच विचारलं "मग मी उन्हाळ्यात झाले का".

आबोली_जास्वंद

😄😄 काय उत्तर दिलंत?

पाजपंढरीकर

श्रावणात झालीय ती. आईला विचार म्हटलं.

ढ_वरून_ढोल

आयडी बघून कळलं असेलच. ढ हे अक्षर आम्हाला शिमग्यातच यायचं. गुहागरकडची शाळा, पालखी गावात फिरत असताना वर्गात बसतंय कोण, निम्मे ढोलामागे. आमचे गुरुजी हुशार, त्यांनी हजेरीवरून आरडाओरडा सोडला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं काल काय काय बघितलंत. प पालखी, ढ ढोल, न निशाण, स संकासुर, म्हणजे शिमग्यातलं सोंग. फळ्यावर गुरुजींनीच संकासुर काढला, काळा अंगरखा, लांब दाढी, आणि मागच्या बाकावरचा एक रडायला लागला, कारण आदल्या रात्री खऱ्या संकासुराने त्याला अंगणभर पळवला होता. स त्याला दुसरीपर्यंत लिहिता येत नव्हता, म्हणजे येत होता, लिहायचा नाही.

सहज_आलो

आम्हाला शाळेत ढ म्हणजे मीच होतो, वेगळं शिकवायला लागलं नाही.

सुरंगीचो_वळेसर

सुरंगी कोणीच नाय लिवल्यानी? अरे मार्च म्हणजे सुरंगी!

आमच्याकडे पहाटे झाडावर चढून कळे काढतत, उमलायच्या आधी, कारण ऊन पडला की कळो फुटता आणि मग वळेसराक, म्हणजे गजऱ्याक, उपेग नाय. फुलां पानांत नसतत, फांदयेक चिकटान बसतत. आमच्या बाईन पयलीत आमका तेच बघूक लावल्यानी, पाटयेर झाड काढा म्हटल्यानी, सगळ्यांनी फुलां शेंड्यार काढली, कमळासारखी. मग नेऊन दाखवल्यानी. परत काढा. ह्या वेळेक कोणी कमळ काढूक नाय. माका वाटता बघून काढणा म्हणजे काय ता त्या दिवशी कळला. सुयेत ओवण्याचा काम चेडवांचा म्हणत पण बाईन सगळ्यांका बसवल्यानी, दोन पिवळे एक हिरवो पान, दोन पिवळे एक पान. आता माझो झील त्याका 'पॅटर्न' म्हणता आणि त्याचो वेगळो पेपर आसा.

आबोली_जास्वंद

वाचताना वास आला हो अगदी. दादरला मिळतो कधीकधी गजरा पण भाव विचारू नका.

अलिबागची_सून

रायगडवाल्यांनी हजेरी लावावी म्हणून लिहिते. आमच्याकडे पांढरा कांदा. फेब्रुवारी-मार्चला काढणी आणि मग घरोघरी ओट्यावर वेण्या. सासूबाई वेण्या करतात आणि नातू शेजारी बसून कांदे लहान-मोठे वेगळे करतो, शाळेत तेच चाललंय म्हणे, लहान मोठा मध्यम. बाईंनी वहीत 'कोणता मोठा? गोल करा' दिलं होतं, याने हत्ती आणि मुंगी सोडून दिले, म्हणाला हे सगळ्यांना माहीत असतं, कांदा द्या. खरं आहे त्याचं! हत्ती-मुंगीत कसला आलाय विचार. दोन जवळजवळ सारखे कांदे हातात घेऊन ठरवा बघू.

शाळा_तपासणीस_नाही

थोडं वेगळं लिहितो, राग नसावा. हे सगळं छान आहे पण माझ्या पुतण्याच्या शाळेत बाहेर नेलं की काही पालक तक्रार करतात, फी कशाला भरतो, झाडाखाली बसवायला का. तिथल्या मॅडमने वैतागून बंद केलं. आता टीव्हीवर कोकिळा दाखवतात. खिडकीबाहेर खरा कोकीळ ओरडतोय आणि आत स्पीकरवर कोकीळ.

दोन_वर्ग_एक_बाई

@शाळा_तपासणीस_नाही आले परत. आमच्याकडे उलटी पंचाईत, पालक म्हणतात न्या पण काजूकडे नको, डीक लागून ओठ सोलतात. ते खरंच आहे, ओली बी दातांनी फोडायची नाही हा आमचा पहिला नियम. इंग्रजी शाळेच्या गाड्या गावात यायला लागल्यापासून पटाची काळजी वेगळीच. पाडव्याला 'गुढीपाडवा, पट वाढवा' म्हणून फेरी काढतो, पहिलीचीच मुलं पुढे ठेवते, ती घराघरात जाऊन सांगतात आमच्या शाळेत आंबे मोजतात. याहून चांगली जाहिरात मला सुचत नाही.

आणि पक्ष्यांचं म्हणाल तर एक मिनिट डोळे मिटून बसवा. तांबट पुक पुक करत असतोच या दिवसांत, किती वेळा झालं ते बोटांवर मोजायचं. बोटं संपली की हसायला लागतात.

खाडीकाठचो

बाई, भरती-ओहोटी शिकवतात की नाही? आजा सांगायचा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती.

दोन_वर्ग_एक_बाई

पहिलीला पाऊणपट? 😀 आम्ही वाळूत काठी रोवतो आणि पाणी काठीपर्यंत आलं की "आलं" म्हणून ओरडतो, तेवढंच.

सहज_आलो

@अलिबागची_सून वहिनी विषयाला सोडून विचारतो, पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, करायला यायचं होतं आम्हाला, त्यात घालायचा भांबुर्ड्याचा पाला आता मिळेल का?

अलिबागची_सून

आता कुठला भाऊजी, शेतं वाळली, शेंगाही निबर झाल्या. थंडीत या, डिसेंबर-जानेवारीत. आता आलात तर कांद्याची वेणी देते, पिशवी आणा मोठी.

सहज_आलो

येतो. बायकोला भावाचं विचारून सांगतो.