कोड बदलल्यावर कोणत्या टेस्ट पडतील, हे आधी ओळखता येतं का?

प्रश्न

नमस्कार. सांगलीत विश्रामबागला आमचं सहा जणांचं ऑफिस आहे. अडत्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. हळदीचा, गुळाचा सौदा झाला की हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी निघते, ते आमचं काम. कोड पायथनमध्ये आहे. तो बरोबर चालतो का हे आपोआप तपासणाऱ्या पायटेस्टच्या २,१४० टेस्ट, सगळ्या चालायला ५२ मिनिटं. एक ओळ बदलली तरी ५२ मिनिटं. पोरं एकतर वाट बघत बसतात, नाहीतर न थांबता मर्ज करतात, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळून टाकतात.

म्हणून मी टेस्टमॉन बसवलं. कोणती टेस्ट कोडच्या कोणत्या भागातून जाते याची ते नोंद ठेवतं आणि बदललेल्या भागापुरत्याच टेस्ट चालवतं. चार-पाच मिनिटांत काम व्हायला लागलं. मग गेल्या महिन्यात घात झाला. तोलाईचे दर आमच्याकडे जेसन फाइलमध्ये, म्हणजे कोडबाहेरच्या माहितीच्या साध्या फाइलमध्ये असतात. एकाने नवा दर अवतरणचिन्हांत टाकला, म्हणजे आकड्याचा मजकूर झाला. पायथनची एकही ओळ बदललेली नव्हती, त्यामुळे एकही टेस्ट चालली नाही. सगळं हिरवं. सकाळी मार्केट यार्डात सौदे झाले आणि पट्टी निघेना. जतहून आलेल्या एका आजोबांची परतीची एसटी चुकली. शेवटी दिवाणजींनी हातानं पट्टी लिहून दिली.

ही चूक पकडणारी टेस्ट आमच्याकडे होती. ती चाललीच नाही, हे मनाला फार लागलंय.

मोठ्या कंपन्या मशीन लर्निंगनं कोणत्या टेस्ट पडतील याचा अंदाज बांधतात, असं वाचलं. आमच्याकडे सीआयचे, म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेचे, १४ महिन्यांचे लॉग (नोंदी) आहेत. तेवढ्यावर जमेल का?

उत्तर १, कराड

ताई, फेसबुकनं त्यांची पद्धत २०१८ मध्ये मांडली. एक बदल आणि एक टेस्ट अशी जोडी घ्यायची आणि ती टेस्ट पडायची शक्यता किती, हे मॉडेलला विचारायचं. मॉडेल डिसिजन ट्रीचं, म्हणजे हो-नाही प्रश्नांच्या फांद्यांवरून उत्तराला पोचणारं. त्याला काय दिलं? बदललेल्या फाइली अलीकडे किती वेळा हलल्या, त्यांचं एक्स्टेन्शन काय, ती टेस्ट पूर्वी किती वेळा पडली, फाइल आणि टेस्ट डिपेन्डन्सीत (कोणता कोड कोणावर अवलंबून) एकमेकांपासून किती लांब. टेस्टिंगचा खर्च निम्म्यावर आला, तरी पडणाऱ्या टेस्टपैकी ९५ टक्क्यांहून जास्त आणि सदोष बदलांपैकी ९९.९ टक्क्यांहून जास्त सापडले. दोन आकड्यांत फरक का, तर एका वाईट बदलानं बहुधा पाच-दहा टेस्ट पडतात आणि त्यातली एक सापडली तरी बदल पकडला जातो.

पण तुम्ही सहा जण. १४ महिन्यांत खरोखर पडलेले रन (टेस्ट चालवण्याच्या फेऱ्या) किती, ते आधी मोजा. शंभराच्या आत असतील तर मॉडेलच्या नादी लागू नका. साधा तक्ता करा: ही फाइल बदलली तेव्हा ही टेस्ट किती वेळा पडली. यात कोड वाचायचा नसतो, इतिहास वाचायचा असतो, त्यामुळे जेसन फाइललाही तक्त्यात जागा मिळते. आणि दरांची, सेटिंगची फाइल हलली की सगळ्या टेस्ट चालवायच्या. तिथं अंदाज नकोच.

उत्तर २, सातारा

तक्ता करण्याआधी लॉग निवडून घ्या. गूगलनं २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडे पास होणारी टेस्ट पडायला लागते, त्यातल्या ८४ टक्के वेळा कारण फ्लेकी टेस्ट असते, म्हणजे कोड तोच असूनही कधी पास होणारी, कधी पडणारी.

आमचं उदाहरण सांगतो. पावतीच्या तारखेची टेस्ट रात्री एकच्या रनला रोज पडायची आणि दुपारी पास व्हायची. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेवर, त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्याकडे कालचीच तारीख. आमच्या तक्त्यात त्या टेस्टचं पाप त्या दिवशी ज्या फाइली बदलल्या त्यांच्या माथी! ती लगेच परत चालवून उपयोग नव्हता, कारण एक वाजता ती पडणारच. म्हणून पडलेली टेस्ट आम्ही बदलाच्या आधीच्या कमिटवरही (कोडच्या जतन केलेल्या आवृत्तीवरही) त्याच वेळी चालवतो. तिथंही पडली तर तो बदल निर्दोष.

उत्तर ३, सांगली

कोयनेतून विसर्ग वाढला की सूर्यवंशी प्लॉटातली माणसं आधी सामान हलवतात, कारण पाणी पहिल्यांदा कुठं येतं ते त्यांना ठाऊक आहे. पण म्हणून आयर्विन पुलावरची पातळी बघायचं कुणी सोडत नाही. तुमचा अंदाज फक्त क्रम लावायला वापरा. पडायची शक्यता जास्त त्या टेस्ट पुढे, बाकीच्या मागून, पण चालवायच्या सगळ्या.

प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. तारखेच्या भानगडी काढून टाकल्यावर १४ महिन्यांत खरे पडलेले रन निघाले ६३. म्हणून तक्ताच केला. आता पहिल्या दोनशे टेस्ट सहा मिनिटांत उरकतात, मर्जला तेवढ्या पुरतात. उरलेल्या मागून चालतात आणि सगळ्या हिरव्या झाल्याशिवाय अडत्यांकडे काही जात नाही. जेसन बदलली की सरळ ५२ मिनिटं.

एक गोष्ट मला माहीतच नव्हती. हळदीच्या पट्टीची फाइल बदलली की सगळ्यात जास्त वेळा गुळाच्या टेस्ट पडतात. पैसे पूर्ण रुपयात करणारं फंक्शन कधीतरी कुणी हळदीच्या फाइलमध्ये लिहिलं आणि गुळाचा हिशेब तिथूनच ते उचलतो. उद्या ते वेगळ्या फाइलमध्ये काढतेय.